हिरा घेताना काय बघायचं? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या माणसाला सोनं शिकवावं लागत नाही. साजात लाख किती, घट किती धरणार, मजुरी ग्रॅममागे की टक्क्यात, हे सगळं गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, पाऊल टाकायच्या आधीच घरच्या बायकांना पाठ असतं. हिऱ्यापाशी आली की तीच माणसं गप्प होतात आणि काउंटरवरचा पोरगा सांगेल त्याला माना डोलावतात. पेढीवर बसून जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते गिऱ्हाइकांच्याच शब्दांत खाली घेतले आहेत.

सोन्याचा भाव रोज पेपरात येतो, मग हिऱ्याचा का येत नाही?

शुद्ध सोनं सगळीकडे एकच. गुजरीतला एक ग्रॅम आणि दुबईतला एक ग्रॅम वितळवून एकत्र केला, तर कुठला कुणाचा ते देवालाही सांगता यायचं नाही. हिऱ्याचं तसं नाही. सारख्याच वजनाचे दोन हिरे शेजारी ठेवले आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या पाचपट निघाली, तरी दोन्ही किमती रास्त असू शकतात. त्यामुळे ‘आज हिऱ्याचा भाव काय?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ‘या प्रतीच्या, या वजनाच्या खड्याचा कॅरेटला दर काय?’ असं विचारायचं.

व्यापाऱ्यांकडे अंदाजासाठी एक तक्ता असतो. न्यूयॉर्कच्या मार्टिन रॅपापोर्ट यांनी १९७८ मध्ये तो सुरू केला. आता तो दर आठवड्याला निघतो आणि मुंबई-सुरतेत त्याला नुसतं ‘रॅप’ म्हणतात. पण तोही विक्रीचा भाव नव्हे. सौदे बहुतेक त्याच्या खालीच होतात. ‘रॅपला तीस बॅक’ म्हणजे तक्त्यातल्या आकड्याला तीस टक्के कमी.

२२ कॅरेट सोनं आणि १ कॅरेट हिरा, हे कॅरेट एकच का?

नाही. सोन्याचं कॅरेट शुद्धता सांगतं, २४ पैकी किती भाग सोनं ते. हिऱ्याचं कॅरेट हे वजन आहे. १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅममध्ये पाच कॅरेट. कॅरेटचे शंभर भाग केले की एक सेंट. नाकातल्या चमकीत पाच सेंटचा खडा असला तर त्याचं वजन ०.०५ कॅरेट. कुणी रतीत सांगू लागलं तर कॅरेटमध्ये लिहून मागा, कारण बाजारात रतीची मापं एकापेक्षा जास्त आहेत.

एक कॅरेटचा एकच हिरा घ्यावा की दहा-दहा सेंटचे दहा? वजन तर तेवढंच!

वजन तेवढंच, किंमत अजिबात तेवढी नाही. मोठा खडा निसर्गात दुर्मीळ, म्हणून वजन वाढत जातं तसा कॅरेटचा दरही वाढत जातो. तोळ्याचा भाव एक तोळ्याला आणि दहा तोळ्यांना सारखाच धरायची आपल्याला सवय असते, ती इथे सोडावी लागते. आपल्याकडे हे फार जुन्या काळापासून माहीत होतं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिऱ्याच्या परीक्षेवर वेगळा अध्याय आहे. त्यात हिऱ्याचं वजन तांदळाच्या दाण्यांत मोजलंय आणि वजन कमी होईल तशी किंमत त्याहून जास्त वेगाने उतरवलीय.

जाहिरातीत ‘एक कॅरेटचा सेट’ असं लिहिलेलं दिसलं की आधी विचारा, एका खड्याचं एक कॅरेट की सगळे मिळून? बहुतेक वेळा सगळे मिळून असतं. त्यात फसवणूक नाही, फक्त किंमत त्या हिशेबाने हवी.

एक फायद्याची गोष्ट. अर्धा, पाऊण, एक कॅरेट अशा पूर्ण आकड्यांवर दर उडी मारतो. ०.९५ कॅरेटचा आणि १.०० कॅरेटचा खडा हातात घातला तर सासूबाईंनाही फरक कळणार नाही, बिलात मात्र कळतो. मला विचाराल तर आकड्याच्या जरा अलीकडचा खडा घ्यावा.

ते ‘चार सी’ म्हणजे काय, आणि त्यातलं सर्वांत महत्त्वाचं कोणतं?

कॅरेट म्हणजे वजन, कलर म्हणजे रंग, क्लॅरिटी म्हणजे निर्मळपणा आणि कट म्हणजे घडण. अमेरिकेतल्या जीआयए या १९३१ साली स्थापन झालेल्या संस्थेने ही पद्धत रुळवली आणि आज जगभर तीच चालते. पहिले तीन गुण खड्याबरोबर जमिनीतून येतात. कट तेवढा कारागिराच्या हातचा, आणि गिऱ्हाईक सर्वांत कमी विचारतं ते नेमकं त्याच्याबद्दल.

हिरा चमकतो तो पैलूंमुळे. वरून आत गेलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आपटून परत वर, तुमच्या डोळ्याकडे आला पाहिजे. कोन चुकले की तो खालून किंवा बाजूने निसटतो. खडा फार उथळ असेल तर मधे फिकट कडं दिसतं, माशाच्या डोळ्यासारखं. फार खोल असेल तर मध्यभागी काळपट पडतो. गोल ब्रिलियंट घडणीत ५७ पैलू असतात, खालचं टोक सपाट केलं तर ५८. हे कोन किती असावेत याचं गणित मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये मांडलं आणि आजही घडण त्याच्या आसपासच फिरते.

पण कोन नेमके ठेवायचे तर कच्च्या खड्यातलं वजन जास्त जातं, आणि वजन म्हणजे पैसा. त्यामुळे वजन वाचवायला खड्याचं पोट जाड ठेवायचा मोह होतो. ते ओळखायची सोपी रीत म्हणजे माप. एक कॅरेटच्या चांगल्या गोल हिऱ्याचा व्यास साधारण ६.५ मिलिमीटर असतो, अर्ध्या कॅरेटचा ५.१ च्या आसपास. प्रमाणपत्रावर एक कॅरेट लिहिलंय आणि व्यास ६.१ भरला, तर बाकीचं वजन पोटात लपलंय. पैसे एक कॅरेटचे जातात आणि वरून दिसतो ऐंशी-पंच्याऐंशी सेंटचा. प्रमाणपत्रावर व्यास आणि एकूण खोलीची टक्केवारी छापलेली असते. गोल खड्यात खोली साधारण ५९ ते ६२.५ टक्क्यांत हवी.

घडणीसाठी वजनावर पाणी सोडल्याची दोन उदाहरणं आपल्या ओळखीची आहेत. कोहिनूर १८५२ साली लंडनमध्ये नव्याने घासला तेव्हा १८६ कॅरेटचा १०५.६ वर आला. दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हाती गेलेला त्र्यंबकेश्वरचा हिरा, जगात ज्याला ‘नासक डायमंड’ म्हणतात, तो तर ९० कॅरेटच्या आसपास होता. दोनदा घडण बदलून आता तो ४३.३८ कॅरेट आहे.

प्रमाणपत्रावर कट, पॉलिश आणि सिमेट्री तिन्हींपुढे ‘एक्सलंट’ असेल तर बाजारात त्याला ‘ट्रिपल एक्स’ म्हणतात. एक लक्षात ठेवा, जीआयए कटची श्रेणी फक्त गोल हिऱ्याला देत आली आहे. बदाम, पेअर, ओव्हल, प्रिन्सेस असे आकार घेताना डोळ्यांवरच भिस्त. बजेट अपुरं पडत असेल तर वजन कमी करा, रंग एक-दोन पायऱ्या खाली घ्या, पण कटमध्ये तडजोड नको.

रंगाचं ‘डी’पासून सुरू होतं ते का? आणि ‘जी’, ‘एच’ म्हणजे हलका माल का?

‘डी’ म्हणजे पाण्यासारखा, रंग नसलेला. तिथून ‘झेड’पर्यंत पिवळसर किंवा तपकिरी झाक वाढत जाते. ए, बी, सी ही अक्षरं जुन्या काळी जो तो व्यापारी आपापल्या परीने वापरायचा, म्हणून नवी मोजपट्टी मुद्दाम ‘डी’पासून धरली.

‘जी’, ‘एच’ हलका माल मुळीच नाही. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर ‘आय’, ‘जे’सुद्धा छान दिसतो, कारण सोन्याचीच पिवळी छटा खड्यात उतरते. प्लॅटिनममध्ये किंवा पांढऱ्या सोन्यात मात्र झाक दिसून येते, तिथे वरचा रंग घ्यावा.

रंग बघायची जागा दुकानातल्या स्पॉटलाइटखाली नव्हे. त्या दिव्यात काचही नाचते. पांढऱ्या कागदाला घडी घालायची, सुटा खडा त्या घडीत पालथा, टोक वर करून ठेवायचा आणि दुकानाच्या दाराशी येऊन बाजूने बघायचं. उन्हात नाही, सावलीतल्या उजेडात. गुजरीची गल्ली अरुंद, त्यामुळे असा उजेड तिथे आयताच मिळतो. अंगात पिवळा किंवा भडक शर्ट असेल तर त्याची झाकही खड्यात पडते. साडी घ्यायच्या गर्दीतून तसंच हिरा बघायला आलात तर हा घोटाळा हमखास.

व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय हे काय प्रकरण आहे? बिनडाग हिरा मिळत नाही का?

मिळतो, पण त्यासाठी खिसा तसा लागतो. निर्मळपणाच्या अकरा पायऱ्या आहेत. वर एफएल (पूर्ण बिनडाग) आणि आयएफ (आतून बिनडाग), मग डाग वाढत जातील तशा व्हीव्हीएस, व्हीएस आणि एसआय यांच्या प्रत्येकी दोन, शेवटी ठळक डागांच्या आय एक ते तीन (हा रंगातला ‘आय’ नव्हे). ही परीक्षा दहापट मोठं दाखवणाऱ्या लूपखाली होते. व्हीव्हीएसमधला ठिपका मुरलेल्या पारख्यालाही शोधत बसावा लागतो. व्हीएसमधला नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. मग व्हीव्हीएसचे जास्तीचे पैसे कशाला? कागदावर वाचायला आवडतं म्हणून, एवढंच माझं उत्तर. अंगठीला व्हीएस पुरे. छोट्या खड्यांना नीट निवडलेला एसआयही चालतो.

डाग किती यापेक्षा कुठे आणि कसला ते बघा. टेबलच्या, म्हणजे वरच्या सपाट पैलूच्या बरोबर मधोमध काळा ठिपका असेल तर तो चार बाजूंच्या पैलूंत उमटून चार दिसतो. तोच कडेला असला तर पकडीखाली, म्हणजे खडा धरून ठेवणाऱ्या दातांखाली, झाकला जातो. मात्र कडेपर्यंत आलेली चीर नको. बसवताना पकड आवळली की तिथून टवका उडू शकतो.

लूप हातात दिला तर लाजू नका. लूप डोळ्याला चिकटवून धरायचा आणि खडा हळूहळू जवळ आणायचा. साधारण एका इंचावर स्पष्ट दिसतो. लोक उलटं करतात, खडा जवळ ठेवून लूप लांब धरतात आणि ‘काहीच दिसत नाही बघा’ म्हणून परत देतात.

दोन हिऱ्यांवर ‘जी, व्हीएस दोन’ असंच लिहिलंय, तरी एक स्वस्त का?

बाजारात एक परवलीचा शब्द आहे, ‘नो बीजीएम’. ब्राऊन, ग्रीन, मिल्की यांतलं काही नाही, असा त्याचा अर्थ. तपकिरी किंवा हिरवट झाक आणि दुधाळपणा या गोष्टी रंगाच्या अक्षरावरून समजतीलच असं नाही. मिल्की खडा कागदावर उत्तम असतो आणि बोटात घातल्यावर मंद दिसतो. त्यात उजेड आहे पण पाणी नाही, असं जुने लोक म्हणायचे.

दुसरं कारण फ्लुओरेसन्स. काही हिरे अतिनील दिव्याखाली निळे उजळतात. हा दोष म्हणता येणार नाही, पण ‘स्ट्राँग’ लिहिलेल्या वरच्या रंगाच्या खड्याला बाजार कमी भाव देतो. खडा उन्हात धूसर दिसत नसेल तर ही सवलत बिनधास्त पदरात पाडून घ्या.

दागिन्यावर हॉलमार्क आहे, मग हिऱ्याचं वेगळं प्रमाणपत्र कशाला?

इथे हॉलमार्क दागिन्यातल्या सोन्यापुरता. दागिन्यावर कोरलेला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी नंबर सरकारी बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की सोन्याची शुद्धता कळते. हिऱ्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. हिऱ्याचे दागिने बहुधा १८ किंवा १४ कॅरेटमध्ये करतात, कारण २२ कॅरेटचं सोनं मऊ, पकड वाकते.

हिऱ्यासाठी जीआयए, आयजीआय अशा प्रयोगशाळांचा अहवाल मागा. त्याचा नंबर संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून पडताळता येतो. बऱ्याच खड्यांच्या कडेवर, गर्डलवर, तोच नंबर लेझरने कोरलेला असतो. लूपखाली तो दाखवायला सांगा. अहवालात किंमत नसते हेही ध्यानात घ्या. आणि सगळ्या प्रयोगशाळांची काटेकोरी सारखी नसते. एकीने ‘जी’ म्हटलेला खडा दुसरी ‘एच’ म्हणू शकते, म्हणून दोन दुकानांत तुलना करताना एकाच प्रयोगशाळेचे अहवाल समोरासमोर ठेवा. छोट्या खड्यांचा अहवाल एकेकाचा नसतो, अख्ख्या दागिन्याचा मिळून असतो आणि त्यात ‘ईएफ-व्हीव्हीएस’, ‘जीएच-व्हीएस’ अशी जोडश्रेणी लिहितात.

लॅबमधला हिरा खोटा असतो का?

खोटा नाही. तोही कार्बनच, तितकाच कठीण, तसाच चमकणारा. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५४ मध्ये प्रचंड दाब आणि उष्णता देऊन हिरा तयार झाला, ती एचपीएचटी पद्धत. दुसरी सीव्हीडी. तिच्यात बंद भांड्यात मिथेनसारख्या वायूतला कार्बन हिऱ्याच्या पातळ चकतीवर थरावर थर बसतो आणि काही आठवड्यांत खडा वाढतो. निसर्गातल्या खड्याच्या बाबतीत जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल अब्जावधी वर्षांपूर्वी जे घडलं, ते इथे कारखान्यात घडतं. सुरतेला आता हा मोठा उद्योग आहे. जून २०२३ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी अमेरिकेत तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांना भेट दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा लॅबमधलाच होता.

फरक किमतीत आहे. कारखान्यात हवा तेवढा माल निघतो, त्यामुळे भाव घसरत गेले. डी बिअर्स या हिऱ्यांच्या बड्या कंपनीने २०१८ मध्ये लॅबच्या हिऱ्यांचा लाइटबॉक्स हा ब्रँड ८०० डॉलर कॅरेट या दराने काढला आणि २०२५ मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. जीआयएनेही ऑक्टोबर २०२५ पासून लॅबच्या हिऱ्यांना रंग-निर्मळपणाच्या जुन्या पायऱ्या देणं थांबवून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोनच गट केले.

हौसेसाठी, मोठा खडा घालायचा म्हणून घेत असाल तर लॅबचा जरूर घ्या. लेकीच्या लग्नात ‘पुढे अडीअडचणीला उपयोगी पडेल’ म्हणून घेत असाल तर घेऊ नका. दोन्हींत बिलावर ‘नैसर्गिक’ की ‘लॅब ग्रोन’ हा शब्द स्पष्ट हवा, कारण नुसत्या डोळ्यांनी किंवा लूपखाली दोन्हींतला फरक खात्रीने सांगता येत नाही. त्याला प्रयोगशाळेतली यंत्रं लागतात.

आणि ‘अमेरिकन डायमंड’ हा यांतला कुठलाच नव्हे. तो झिर्कोनिया, हिऱ्याशी त्याचं नातं नाही.

खरा हिरा घरी कसा ओळखायचा? फुंकर मारून, पेपरवर ठेवून, हातोडी मारून?

हातोडीचा नाद पहिला सोडा. कठीण म्हणजे न फुटणारा असं नव्हे. हिऱ्यावर ओरखडा फक्त हिराच काढतो, पण ठरावीक दिशांनी घाव बसला की त्याची सरळ फाळ निघते.

फुंकर मारल्यावर वाफ पटकन उडते हे खरं, कारण हिरा उष्णता फार वेगाने वाहून नेतो. दुकानातलं टेस्टर पेन याच गुणावर चालतं. पण मॉइसनाइट नावाचा खडा साध्या टेस्टरला फसवतो. तो लूपखाली तिरका धरून बघितला की मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्यात त्या एकेरीच असतात. पेपरवर ठेवून अक्षरं वाचायची परीक्षा सुट्या, नीट घडवलेल्या गोल खड्यापुरती बरी, बसवलेल्या दागिन्यावर निरुपयोगी. शंका असेल तर सरळ प्रयोगशाळेत द्या.

बिलावर काय काय असायला हवं?

सोन्याचं आणि हिऱ्याचं वजन वेगळं. समजा टॉप्सचं एकूण वजन ६.२४० ग्रॅम आणि हिरे ०.८० कॅरेट. हिऱ्यांचं वजन झालं ०.१६० ग्रॅम, म्हणजे निव्वळ सोनं ६.०८० ग्रॅम. सोन्याचा दर एवढ्यालाच लागला पाहिजे. एकूण वजनाला सोन्याचा दर आणि वर हिऱ्याची किंमत वेगळी लावली असेल, तर त्या ०.१६० ग्रॅमचे पैसे तुम्ही दोनदा दिले.

यापुढे खड्यांची संख्या, प्रत, कॅरेटचा दर, मजुरी, जीएसटी, अहवालाचा नंबर. ‘डायमंड ज्वेलरी १ नग’ असं एका ओळीचं बिल घेऊन घरी येऊ नका, दुकान कितीही ओळखीचं असो.

मोडीत किती मिळतात?

सोन्यापेक्षा खूप कमी, हे गृहीत धरूनच घ्या. मजुरी आणि कर तर जातातच, शिवाय दुकानदार तुमचा हिरा घाऊक दरात धरणार, कारण त्याला तो घाऊकमध्ये मिळतोच. बदलीत आणि रोखीत वेगवेगळे टक्के असतात. ते टक्के खरेदीच्या किमतीवर की त्या दिवशीच्या दरावर, हे बिलामागे लिहून घ्या. छोट्या खड्यांना मोडीत फारसं कुणी विचारत नाही. गुंतवणूकच करायची असेल तर सोन्याचं वळं घ्या, हे मी हिऱ्याच्या काउंटरवर बसूनही सांगतो.

आजीच्या सात हिऱ्यांच्या कुड्या आहेत. त्यांची किंमत कशी काढायची?

घाई करून मोडू नका. जुन्या कुड्यांत खडे बंद कोंदणात असतात, खाली डांक, म्हणजे चकचकीत पत्रा बसवलेला. त्या पत्र्यामुळे खऱ्या रंगाचा अंदाज लागत नाही, वजनही अदमासेच सांगता येतं. नेमकं हवं असेल तर खडे काढावे लागतात, आणि काढताना जुनं काम बिघडतं. खडे खरे आहेत का एवढंच आधी तपासून घ्या. काही खरे आणि मधे एखादा नंतर बदललेला, असंही निघतं. ते खडे हातघडणीचे, पैलू वेडेवाकडे, म्हणून आजच्या तक्त्यात त्यांना भाव कमी. तशी घडण आता फारसं कुणी करत नाही, हे तक्ता बघत नाही.

हिरा चाटला की माणूस मरतो, आणि सगळ्यांना लाभत नाही, हे खरं का?

पहिलं साफ खोटं. हिरा शुद्ध कार्बन, पोटात त्याचं काही होत नाही. दुसरं ज्याच्या त्याच्या श्रद्धेचं. शुक्रासाठी घालणारे घालतात. फक्त ‘लाभणारा’ म्हणून कुणी दुप्पट दर सांगितला तर तोच अहवाल, तोच कॅरेटचा दर मागा.

रोज घालायचा असेल तर काळजी काय घ्यायची?

हिऱ्याला तेलतूप फार पटकन चिकटतं. भाकरीचं पीठ, डोक्याचं तेल, तांबड्या रश्शाचा तवंग खालच्या बाजूला साचला की खडा मेल्यासारखा दिसतो आणि लोक म्हणतात पाणी गेलं. कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण, जुना मऊ टूथब्रश, मागच्या बाजूने हलकेच घासा, की परत येतं. बेसिनचं भोक आधी बंद करा.

एका डबीत सगळे दागिने कोंबू नका, हिरा शेजारच्या माणकावर आणि सोन्यावर ओरखडे काढतो. वर्षातून एकदा पकडी तपासून घ्या. अंगठी कानाशी धरून बोटाने टिचकी मारा, आतून टकटक आलं तर खडा सैल झालाय, तो बसवून होईपर्यंत घालू नका. झाळ लावायचं काम निघालं तर दागिन्यात हिरा आहे हे कारागिराला तोंडाने सांगा, कारण जोराच्या आचेवर उघडा हिरा जळून पांढुरका पडतो. मग त्याला पुन्हा पॉलिश करावं लागतं आणि त्यात वजन जातं. चीर भरलेला खडा असेल तर त्यातली भर आचेने बाहेर येते, म्हणून ‘फ्रॅक्चर फिलिंग केलंय का?’ हे घेतानाच विचारून बिलावर लिहून घेतलेलं असावं.